लहान गावात जॅझ क्वार्टेट, तोही बिनमाइकचा: काय लागतं आणि काय नको

प्रश्न थोडक्यात असा. वाईतल्या एका संगीत मंडळाला जानेवारीत जॅझचा कार्यक्रम करायचा आहे. टेनर सॅक्सोफोन, पियानो, डबल बास आणि ड्रम्स वाजवणारे चौघे मुंबईहून यायला तयार आहेत, आणि शक्यतो माइकशिवायच वाजवू असं त्यांनी कळवलं आहे. जागा म्हणजे शाळेचं सभागृह, अडीचशे खुर्च्या मावतील एवढं. साउंडवाले म्हणतात, दोन टॉप आणि दोन बेस स्पीकर लावल्याशिवाय मागच्या रांगेला काही ऐकू जाणार नाही. पियानो गावात नाही. श्रोते नाट्यसंगीत, अभंग, ख्याल ऐकणारे. तर हे जमेल का, आणि जमवायचं तर कसं?

जमेल, आणि चांगलं जमेल. मी डबल बास वाजवतो. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांपेक्षा लहान गावांतल्या सभागृहांत आमचं वाजवणं जास्त नीट ऐकलं जातं, असा माझा पक्का अनुभव आहे. मात्र मंडळांची मेहनत बहुतेक वेळा चुकीच्या जागी खर्च होते. बॅनर, स्टेजची सजावट, लाइट यांवर आठवडे जातात, आणि पियानो कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी टेम्पोतून उतरतो. म्हणून मी उलट्या क्रमानं सांगतो, ज्यानं कार्यक्रम उभा राहतो किंवा पडतो ते आधी.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावरून ठरतो. अकूस्टिक, म्हणजे माइक-स्पीकरशिवाय वाजणाऱ्या, क्वार्टेटचा (चौघांच्या संचाचा) आवाज किती असावा हे बासवरून ठरतं. चौघांत सगळ्यात दुबळा आवाज माझ्या वाद्याचा. बासची सगळ्यात खालची मोकळी तार साधारण ४१ हर्ट्झला बोलते, आणि तिथे माणसाचा कानच मंद असतो. ड्रमरनं जड काठीनं सिंबल, म्हणजे पितळी थाळी, झोडपली किंवा टेनरवाल्यानं पूर्ण दमानं फुंकलं, की मी बोटं सोलून घेतली तरी ऐकू येणार नाही. म्हणून समजदार क्वार्टेटमध्ये बाकीचे तिघे बास ऐकू येईल एवढ्याच आवाजात वाजवतात आणि त्याच्या आत चढउतार करतात. हे शरणागती पत्करून केलेलं वाजवणं नव्हे, त्यातच या संगीताची नजाकत आहे. मॉडर्न जॅझ क्वार्टेट या अमेरिकी संचानं १९५२ पासून मैफिलींच्या सभागृहांत हेच करून दाखवलं. जॉन लुईसचा पियानो, मिल्ट जॅक्सनचा व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य), पर्सी हीथचा बास, आणि ड्रम्सवर आधी केनी क्लार्क, मग कॉनी के. कॉनी केच्या सिंबलचा आवाज आठवा: प्रत्येक टोला वेगळा ऐकू येतो आणि तरी बासचा एकही सूर झाकला जात नाही.

आता चौघांच्या तोंडाला माइक लावले आणि समोर मॉनिटर, म्हणजे वादकांकडे तोंड केलेले स्पीकर, ठेवले तर काय होतं? प्रत्येक जण शेजाऱ्याचं वाद्य ऐकायचं सोडून मॉनिटर ऐकायला लागतो. ड्रमरला वाटतं, बास स्पीकरमधून येतोच आहे, मग मी मोकळा. तो चढतो, तसा सॅक्स चढतो, मग पियानोवाला बोटं आपटायला लागतो. तोल सांभाळायचं काम चौघांकडून मिक्सरवर बसलेल्या पाचव्याकडे जातं, आणि तो पाचवा ही धून पहिल्यांदाच ऐकत असतो. त्याचा यात काही दोष नाही. त्याला नेमलंच चुकीच्या कामाला.

तेव्हा सभागृहाकडे वळू. मापं घ्या: लांबी, रुंदी, उंची. समजा २० मीटर लांब, १२ मीटर रुंद, ५ मीटर उंच. म्हणजे १,२०० घनमीटर. गुळगुळीत प्लास्टर, फरशी, वर स्लॅब. अशा रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर तिचा गुंजारव हिशेबानं सहा सेकंदांच्या आसपास रेंगाळतो. मंडळी तो ऐकतात आणि घाबरतात, “अहो, इथे तर फार घुमतं!” घाबरू नका. वॉलेस सॅबाइन या हार्वर्डच्या भौतिकशास्त्रज्ञानं १८९५ पासून रात्री-रात्री जागून नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात वाहून नेल्या आणि मोजत बसला, की किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं. त्यातून त्याला जे सूत्र सापडलं ते आजही वापरतात. त्या हिशेबानं एक बसलेला माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज शोषून घेतो. तुमच्या सभागृहात अडीचशे माणसं बसली की तेच सहा सेकंद सव्वा सेकंदावर येतात, आणि सव्वा सेकंद आमच्यासाठी उत्तम. पण ऐंशीच माणसं आली तर अडीच सेकंदांच्या वर जातं, आणि ड्रम्सचा चिखल होतो.

याचा अर्थ, अकूस्टिक कार्यक्रमात माणसं गोळा करणं हे ध्वनीचंच काम आहे. तिकीट शंभर रुपये ठेवून सभागृह भरत असेल तर तीनशे ठेवून अर्धं रिकामं ठेवू नका. संगीताच्या क्लासची मुलं, बँडवाले, भजनी मंडळी, ढोलपथकातली पोरं, सगळ्यांना बोलवा. तरीही कमी माणसं येतील असं वाटलं तर मागच्या भिंतीवर जाड सतरंज्या आणि गोधड्या टांगा, आणि मागच्या खुर्च्या काढून टाका म्हणजे लोक पुढे बसतील. खालच्या सुरांना मात्र माणसं आणि सतरंज्या तेवढं शोषत नाहीत. त्यामुळे अशा खोलीत बास एखाद्या कोपऱ्यात गडगडतो. म्हणून बासवाल्याला कोपऱ्यात उभं करू नका, भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे घ्या.

स्टेज वापरायचं का? शाळेचं स्टेज बहुधा कमानीच्या आत खोल असतं, मागे आणि बाजूंना मखमली पडदे. चौघे आत बसले तर निम्मा आवाज पडदेच खाऊन टाकतात, उरलेला कमानीतून बाहेर येतो. स्टेज वापरायचंच असेल तर पडद्याच्या रेषेच्या पुढे, अगदी कडेपर्यंत या. पण माझं मत विचाराल तर स्टेज सोडा. तुमच्या सभागृहाला सपाट जमीन आहे आणि खुर्च्या हलवता येतात. चौघांना लांबीच्या भिंतीच्या मध्यावर खालीच बसवा, आणि खुर्च्या तिन्ही बाजूंनी अर्धवर्तुळात मांडा. स्टेजवरून शेवटची रांग १७-१८ मीटर दूर जाते, आणि अशा मांडणीत समोरची शेवटची रांग नऊ-दहा मीटरवर येते. साउंडवाल्यांच्या शंकेचं उत्तर इथेच मिळतं. आपल्या बैठकीत गवई आणि श्रोते असेच बसत आले आहेत, वाईकरांना ते नवं वाटणार नाही. मागच्यांना दिसत नसेल तर मागच्या दोन रांगा बाकांवर चढवा.

संगीत नाटकं माइकशिवाय गायली जात होती, तेव्हा नाट्यगृहं त्या हिशेबानं बांधलेली असत. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे नंतरचं केशवराव भोसले नाट्यगृह, हे १९१५ चं. ऑर्गन, तबला आणि गळा एवढ्यावर शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचायचं. चार जॅझवाले त्याहून कमी आवाजाचे नाहीत.

शांतता ही मात्र विकत घ्यावी लागते. पंखे हा तिचा पहिला शत्रू. छताचे आठ-दहा पंखे एकदम चालू असले की बासचा शेवटचा लांबलेला सूर आणि ड्रमरच्या ब्रशची सळसळ दोन्ही जातात. जानेवारी निवडलात हे म्हणूनच फार बरं केलंत, संध्याकाळी पंखे बंद ठेवता येतील. दुसरं, शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या. सभागृह त्या रस्त्याच्या कानात असेल तर कार्यक्रम मधल्या वारी घ्या, किंवा रस्त्याकडच्या खिडक्या बंद करून मागच्या उघड्या ठेवा. तिसरं, वरातीचा डीजे. पौषात लग्नं जवळजवळ नसतात, तेव्हा पंचांग पाहून पौषातली तारीख धरा. चौथं, जनरेटर. दिवे गेले तर चौघं वाजवत राहू शकतात, हीच तर अकूस्टिकची मौज. तेव्हा जनरेटर भिंतीला चिकटून ठेवण्यापेक्षा बॅटरीवरचे चार-पाच दिवे तयार ठेवा. आणि गुंगुं करणारी जुनी ट्यूबलाइट आदल्या दिवशीच बदलून घ्या.

आता पियानो. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण गावातले कार्यक्रम सगळ्यात जास्त इथेच फसतात.

कुणी तरी नक्की सुचवेल की इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड चालेल. त्याला स्पीकर लागतो, आणि तो स्पीकर आला की वर सांगितलेला तोल गेलाच. कुणी हार्मोनियम सुचवेल. हार्मोनियम उत्तम वाद्य आहे, पण पियानोत सूर हातोडीच्या ठोक्यानं जन्मतो आणि लगेच विरायला लागतो. जॅझचा पियानोवाला त्या ठोक्यावर लय उभी करतो, हळू-जोरात दाबून एकाच वेळी चार-पाच सुरांना वेगवेगळं वजन देतो. भात्याच्या हवेवर ते होत नाही.

तुमच्या हाकेच्या अंतरावर, पसरणीचा घाट चढला की, पाचगणी आहे. तिथल्या जुन्या निवासी शाळांमध्ये पाश्चात्त्य संगीत शिकवण्याची परंपरा आहे, तेव्हा पहिली चौकशी तिथे करा. उभा म्हणजे अपराइट पियानोही चालेल, ग्रँडचाच आग्रह नको. शाळेनं दिला तर त्यांच्या संगीतशिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना पुढची रांग राखून ठेवा. नाही मिळाला तर पुण्याहून भाड्यानं आणावा लागेल, आणि तुमच्या अंदाजपत्रकातला कलाकारांखालोखालचा मोठा आकडा तोच असेल.

पियानो ठरवण्याआधी एक चाचणी करा. मोबाइलवर सूर मोजणारं कुठलंही ॲप घ्या, आणि मधल्या सप्तकातला ‘ए’ वाजवा, म्हणजे कीबोर्डच्या मधल्या ‘सी’च्या वरचा. तो ४४० हर्ट्झला यायला हवा. ४३५ ते ४४२ मध्ये कुठेही असेल तर ट्यूनर तो आणेल. जुने, वर्षानुवर्षं हात न लागलेले पियानो पुष्कळदा ४१५ च्या आसपास उतरलेले असतात, म्हणजे पुरता अर्धा सूर खाली. असा पियानो एका दिवसात वर ओढता येत नाही. आत २३० च्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो. एकदम ओढलं तर गंजलेल्या तारा तुटतात, आणि न तुटलेल्या रात्रभरात पुन्हा उतरतात. मी बास हवा तेवढा उतरवू शकतो, मला दोन मिनिटं पुरतात. पण सॅक्सोफोनची नळी ठरलेल्या लांबीची असते. मुखपट्टी बाहेर ओढून तो थोडा उतरतो, अर्धा सूर कधीच नाही. उतरलेल्या पियानोबरोबर टेनर वाजवणं म्हणजे संध्याकाळभर कण्हत बसणं आहे. असा पियानो कितीही देखणा असला, फुकट मिळाला, तरी घेऊ नका.

अपराइटचं वजन दोनशे-अडीचशे किलो असतं, जुन्यांचं त्याहून जास्त. उचलायला सहा माणसं, खाली चाकांची पाटी, टेम्पोत उभाच बांधायचा, आडवा करायचा नाही. घाटातून हळू आणायचा. आणि कार्यक्रमाच्या किमान दोन दिवस आधी सभागृहात आणून ठेवायचा. पियानोच्या पाठीची लाकडी पाटी हवेतला ओलावा पिते आणि सोडते. ओलाव्यानं फुगली की सूर चढतो, सुकली की उतरतो. पाचगणीची हवा आणि वाईची हवा एक नाही. त्याला नव्या जागेत श्वास घेऊ द्या, मग ट्यूनरला कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बोलवा. ट्यूनर काम करत असताना सभागृहात झाडणं, खुर्च्या ओढणं, माइक टेस्टिंग, काहीही चालणार नाही. त्याला दोन-अडीच तास निव्वळ शांतता द्या, आणि शक्य असेल तर मध्यंतरात पुन्हा एकदा सूर तपासायला थांबवून घ्या. त्याचे पैसे कापू नका. पियानोवर थेट प्रखर दिवा सोडू नका. तारा तापल्या की सूर उतरतो, आणि नेमका त्याच वेळी सॅक्स गरम हवेनं चढत असतो.

अपराइट भिंतीला पाठ लावून ठेवायची सवय असते. तसं करू नका, त्याचा आवाज पाठीतून बाहेर येतो. भिंतीपासून सोडवा, पाठ तिरकी श्रोत्यांकडे करा, वरचं झाकण उघडा, पायाजवळची फळी काढा. पियानोवाल्याला बाकीच्या तिघांचे चेहरे दिसले पाहिजेत. बसायला बिनहाताची, न डुगडुगणारी खुर्ची द्या.

पियानो मिळालाच नाही तर कार्यक्रम रद्द करायची गरज नाही. चौघांना आधीच विचारा, पियानोऐवजी गिटार चालेल का, किंवा पियानोच्या जागी ट्रम्पेट घेऊन बिनपियानोचा क्वार्टेट करता येईल का. जेरी मलिगन या अमेरिकी सॅक्सोफोनवादकानं १९५२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये बॅरिटोन सॅक्स, चेट बेकरचा ट्रम्पेट, बास आणि ड्रम्स एवढ्यावर क्वार्टेट बांधला, आणि पियानो नसल्यानं दोन फुंकवाद्यांच्या मधली मोकळी जागा किती सुंदर आहे ते लोकांना कळलं. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या १९५९ च्या क्वार्टेटमध्येही पियानो नव्हता. मात्र हे महिनाभर आधी ठरायला हवं. वाजवायचे तुकडेच बदलतात.

चौघांना बसवायचं कसं? जवळ. आयोजकांना वाटतं, स्टेज मोठं आहे तर पसरून बसले की भारदस्त दिसतं. आवाज एका मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद घेतो. ड्रमर आणि पियानोवाला आठ मीटर लांब बसले तर एकाचा ठोका दुसऱ्यापर्यंत पोचायला २३-२४ मिलिसेकंद लागतात. द्रुत लयीत, मिनिटाला २४० मात्रा चालल्या असताना, एका मात्रेचा तिसरा हिस्सा साधारण ८३ मिलिसेकंदांचा असतो, आणि जॅझचं झुलणं त्या तिसऱ्या हिश्श्यावरच उभं आहे. तेवढ्यात चोवीस मिलिसेकंद घसरले की झुलणं संपतं आणि ओढाताण सुरू होते. म्हणून सगळे अडीच-तीन मीटरच्या आत. बासवाला ड्रमरच्या हाय-हॅटशेजारी, म्हणजे पायानं मिटणाऱ्या जोडथाळ्यांशेजारी, पियानोच्या खर्जाच्या बाजूला. त्याला पियानोवाल्याचा डावा हात दिसला पाहिजे. सॅक्स मध्ये पुढे किंवा जरासा कडेला.

ड्रम्सखाली जाड जाजम हवंच, नाहीतर बास-ड्रम प्रत्येक ठोक्याला पुढे सरकतो. बासची टोकदार लोखंडी सळई जमिनीत रुतावी लागते, तेव्हा फरशी असेल तर सळईखालीही जाजम. पोकळ लाकडी प्लॅटफॉर्म बांधू नका, तो स्वतःच नगाऱ्यासारखा बोलायला लागतो. ड्रमरला सांगायला संकोचू नका की खोली लहान आहे. जॅझचा ड्रमर बहुधा १८ इंची बास-ड्रम आणि ब्रश घेऊनच येतो, त्याला हे ऐकून आनंदच होईल. तुम्ही भाड्यानं ड्रम्स देणार असाल तर ऑर्केस्ट्राचा २२ इंची बास-ड्रम त्याच्या माथी मारू नका. आकार आधी विचारा. आणि सिंबल तो स्वतःच्या आणेल.

साउंडवाल्या मित्रांना नाराज करू नका, त्यांना काम द्या. निवेदनासाठी एक माइक, एकच लहान स्पीकर, आणि त्यावर एको अजिबात नाही. बास मागच्या रांगेत अंधुक वाटला तर बासवाला स्वतःचा छोटा अँप आणतो. तो त्याच्या पायाशीच ठेवायचा, म्हणजे आवाज वाद्याच्या जागेवरूनच येतो. रेकॉर्डिंग हवं असेल तर चौघांसमोर अडीच मीटरवर दोन चांगले माइक एका स्टँडवर, बस. हे काम साउंडवाल्याला शिकायला आवडेल. मी पाहिलं आहे, असं दोन माइकवर धरलेलं रेकॉर्डिंग ऐकल्यावर पुढच्या वेळी तेच लोक आपणहून म्हणतात, टॉप नको.

तालीम सभागृहातच, दुपारी तासभर, दारं बंद. मंडळातल्या दोघांनी वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून ऐकायचं आणि एवढंच सांगायचं: बासचा प्रत्येक सूर वेगळा कळतो की नाही. बाकी सूचना देऊ नयेत. लक्षात ठेवा, रिकाम्या सभागृहात आत्ता जेवढं घुमतंय तेवढं रात्री घुमणार नाही.

श्रोत्यांबद्दल तुम्हाला चिंता आहे. मला नाही. तुमच्या श्रोत्यांना आवर्तन कळतं, सम कळते, एकच बंदिश पुन्हा पुन्हा घेऊन दर वेळी वेगळी कशी खुलते हे कळतं. जॅझ ऐकायला लागणारं निम्मं भांडवल एवढंच. उरलेलं निम्मं पाच मिनिटांत सांगता येतं, आणि ते वादकांकडूनच सांगून घ्या, निवेदकाकडून नको. पुष्कळशा धुनांचं आवर्तन ३२ बारांचं असतं, प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे १२८ मात्रांचं लांब आवर्तन. त्याचे आठ-आठ बारांचे चार तुकडे, बहुधा पहिला, दुसरा आणि चौथा एकच आणि तिसरा वेगळा. ब्लूजचं आवर्तन १२ बारांचं, ४८ मात्रांचं. आधी सगळे मिळून धून वाजवतात, मग एकेक जण त्याच आवर्तनावर स्वतःचं काही रचतो, मग ड्रमरशी चार-चार बारांची देवाणघेवाण होते, आणि शेवटी पुन्हा धून. वादकानं एकदा पियानोवर धून वाजवून, बाकीच्यांनी फक्त बोटांवर आवर्तन मोजून दाखवलं, की सभागृहातले तबला शिकणारे लगेच सोबत मोजायला लागतात. बास प्रत्येक मात्रेला एक पाऊल टाकत चालतो, ड्रमरचा हाय-हॅट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर बंद होतो. टाळी द्यायची तर तिथे. एवढं कळलं की पुरे.

एक फरक मात्र स्पष्ट सांगायला हवा, नाहीतर जाणकार श्रोताच आधी गोंधळतो. आपल्याकडे तानपुरा एक षड्ज धरून ठेवतो आणि सगळं त्याच्याशी नातं सांगतं. इथे तसा धरलेला सूर नाही. खाली सुरांचे गुच्छ, म्हणजे कॉर्ड, दर एक-दोन बारांनी बदलतात, आणि वरचा तोच सूर आता वेगळा भासतो. ख्याल ऐकणारा कान पहिल्या पंधरा मिनिटांत षड्ज शोधत राहतो आणि त्याला तो निसटल्यासारखा वाटतो. पियानोवाल्यानं एकच सूर उजव्या हातानं धरून डाव्या हातानं खालचे चार-पाच कॉर्ड बदलून दाखवले की हे लख्ख कळतं. माझ्या मते पूर्ण संध्याकाळीत याहून उपयोगी अर्धं मिनिट दुसरं नाही.

दाद कधी द्यायची, असा प्रश्न येतो. एकेकाचं वादन संपलं की टाळ्या देण्याची रीत आहे. पण एखाद्या जागेवर तुमच्या तोंडून ‘वा’ निघाला तर तो गिळू नका. वादकाला तो मधेच हवा असतो, त्यानं हात मोकळा होतो.

हे संगीत परकं आहे असं कुणी म्हटलं तर त्यांना सांगा की त्याचा आवाज त्यांनी लहानपणापासून ऐकला आहे. लिऑन ॲबी या अमेरिकी वादकाचा जॅझ बँड १९३५ मध्ये मुंबईच्या ताज हॉटेलात वाजत होता. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. तिथून आलेल्या वादकांनी मुंबईत जॅझ उचलला आणि मग सिनेमाच्या वाद्यवृंदात आणला. गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक अंतोनियो शावियेर वाझ, सगळे त्याला चिक चॉकलेट म्हणत, सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा. १९५१ च्या ‘अलबेला’मधल्या ट्रम्पेट-सॅक्सच्या उड्या त्याच संगतीतून आल्या. आणि सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर. अमेरिकी पियानोवादक डेव्ह ब्रूबेकचा क्वार्टेट १९५८ मध्ये मुंबईत वाजला. १९७८ मध्ये निरंजन झवेरींनी मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू केला, त्याच्या पहिल्याच वर्षी टेनर सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स आला होता. वाईच्या श्रोत्यांनी ऐकलेलं नाही ते एवढंच, की हा आवाज स्पीकरशिवाय, दहा फुटांवरून कसा लागतो.

कार्यक्रमाचा वेळ: पंचेचाळीस मिनिटांचे दोन भाग, मध्ये वीस मिनिटं चहा. दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांची भाषणं करायची असतील तर सुरुवातीला, दहा मिनिटांत. शाल-श्रीफळ अगदी शेवटी. पहिल्या आणि दुसऱ्या धुनेच्या मध्ये सत्कार घातला की चौघांनी बांधलेली लय मोडते आणि ती पुन्हा बांधायला अर्धा तास जातो. सात वाजता सुरू करा, दहाच्या आत संपवा. सादर होणाऱ्या रचनांच्या हक्कांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना लागेल का, आणि तिकीट लावल्यास पोलिसांची कुठली परवानगी लागेल, हे महिनाभर आधी विचारून घ्या. बिदागी सरळ विचारा, अर्धी आधी द्या. डबल बास माणसाएवढा उंच असतो आणि एसटीत येत नाही, तेव्हा ड्रम्स आणि बास मिळून एक मोठी गाडी धरा. मुक्काम वाईतच ठेवा, रात्री घाट उतरून परत जायला लावू नका. चारपैकी कुणी मांसाहार करत असेल, कुणी नसेल, आधी विचारा.

आता कामाचा क्रम. या आठवड्यात सभागृहाची तिन्ही मापं घ्या, सगळे पंखे बंद करून मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. पाचगणीला जाऊन पियानोचा ‘ए’ मोजा, झाकण उघडून आतल्या तारांचे आणि हातोड्यांचे फोटो घ्या, खालचे दोन आणि वरचे दोन सूरही वाजवून रेकॉर्ड करा. पियानोचा आकडा ४३५ च्या खाली आला तर तिथेच थांबा आणि मुंबईच्या चौघांना त्याच दिवशी फोन करून गिटारबद्दल विचारा. वर आला तर ट्यूनरची तारीख आधी पक्की करा, मग कार्यक्रमाची.